पालथ्या बाळाची आत्या

भांडखोर नातेवाईक मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. कोणी खाटेवरून भांडतं, कोणी पंख्यावरून, कोणी नुसतं सवय म्हणून. पण कुजबुजत भांडणारी बाई एकच पाहिली, आणि तिच्याबद्दल कोणी वावगं बोललं की आता मीच भांडते.

ती बसमध्ये कंडक्टर. खच्चून भरलेल्या बसमध्ये शेवटच्या माणसापर्यंत ‘पुढे सरका’ पोचवणारा आवाज. डेपोत तिला सगळे तोफ म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. आईबाप लवकर गेले तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. लग्नानंतर मात्र तिच्यात आणि भावजयीत विस्तव जाईना. भाजी चिरण्यापासून पडदे लावण्यापर्यंत सगळ्यात हिचं मत, आणि मत म्हणजे हुकूमच. शेवटी ती दोन गल्ल्या सोडून वेगळी राहायला लागली. भाऊ बिचारा दोन्हीकडे तोंड चुकवत फिरायचा.

त्या भावाचं पहिलं बाळ आमच्या हॉस्पिटलात जन्मलं. मी इथल्या बाळांच्या खोलीची मोठी सिस्टर. खोलीचं काय सांगू? उबेच्या पेट्या मोजक्या, त्यातली एक कायम बंद, एकेका पेटीत दोन दोन बाळं, आणि एवढ्या सगळ्यांना सांभाळायला आम्ही दोघी. वरून पाहणीला कोणी साहेब आले की ‘अजून लक्ष द्यायला हवं’ असं सांगून जातात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय जातंय?

बाळ वजनाने बरं होतं, पण उताणं ठेवलं की निळं पडायचं. आमच्या डॉक्टरबाईंनी त्याचं तोंड उघडून पाहिलं, हनुवटीवरून बोट फिरवलं. हनुवटी इवलीशी आणि मागे गेलेली, टाळू मधोमध दुभंगलेला. त्यांनी बाळाला हातावर पालथं घेतलं. जीभ आपल्या वजनाने पुढे आली, घसा मोकळा झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत बाळ गुलाबी झालं. “हजारोंत एखाद्याला असतं असं,” त्या म्हणाल्या. “शिकताना एकदाच पाहिलं होतं.”

बाळाची आई सिझेरियननंतर तापाने दुसऱ्या वॉर्डात पडून होती. म्हणून डॉक्टरबाईंनी भावाला आणि तोफेला बोलावलं आणि सरळ सांगितलं, “बाळ वाढेल तसा त्याचा जबडाही वाढेल. काही महिन्यांत जिभेला जागा मिळेल आणि हा त्रास बहुतेक जाईल. टाळूचं ऑपरेशन मग सावकाश. पण तोवर हे बाळ उताणं होता कामा नये. झोपेत नाही, दूध देताना नाही, कोणाला दाखवताना नाही. जीभ मागे गेली की श्वास बंद. मोठ्या हॉस्पिटलाला विचारलं, तिथे जागा नाही. जागा असती तर…”

“आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं,” तोफ म्हणाली. “आहे ते सांगा. त्याच्याकडे बघायचं कोणी?”

मी म्हटलं, “हे बघा, आम्ही दोघी आहोत. एकाच बाळाच्या उशाशी बसून राहायला आमच्याकडे माणूस नाही.”

“मग मी बसते.”

“बसा. पण इथे आवाज चालत नाही.”

“कोणाचा आवाज?” तिने विचारलं, आणि खोलीतली तीन बाळं दचकून रडायला लागली. दोन दिवस टिकली तरी खूप, असं माझ्या मनात आलं.

तिने रजा टाकली आणि खुर्ची घेऊन बसली. आम्ही बाळाला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचो आणि वरून कापड बांधायचो. त्याला ऊब मिळायची आणि त्याचा श्वास तिला मानेवर लागायचा. श्वास जरा अडखळला की ती त्याची मान हलकेच सरळ करायची. दुसऱ्या वॉर्डातून आईचं दूध वाटीत यायचं, ते मी नाकातल्या नळीतून थेंबाथेंबाने सोडायचे. चोखायला लागलं की त्याचा दम जायचा. हिची पाठ भरून आली की बाळ तेवढ्यापुरतं पेटीत जायचं, तिथेही पालथंच, आणि ही पेटीला नाक लावून उभी.

मग सुरू झाली पाहुण्यांची रीघ. ज्याला त्याला तोंड पाहायचं असतं. नाक कोणाचं, डोळे कोणाचे, याचा निकाल लागल्याशिवाय लोकांना अन्न गोड लागत नाही. “जरा इकडे फिरवा की,” कोणीतरी म्हणायचं, हातही पुढे यायचा. तोफ डोळे वटारून कुजबुजायची, “तोंड कुठे पळून जात नाही. मागे व्हा. अजून मागे.” ओरडली असती तर माणूस उलटून बोलला असता. कुजबुजीपुढे भले भले गप्प व्हायचे. एका काकांनी “आम्ही लांबून आलोय” म्हटलं, तर ही म्हणाली, “मग बसा, वर्षभराने दाखवते.”

बाळाची आजी, म्हणजे आईची आई, फार दुखावली. “आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? पालथं झोपवलं की पोर गुदमरतं, कोणालाही विचारा,” ती मला म्हणाली. आता काय बोलणार? तिचं खरंच होतं. बाळाला उताणंच झोपवा, हे आम्हीच येणाऱ्या प्रत्येक आईच्या डोक्यात भरतो. हे एकच पोर जगाच्या उलटं निघालं होतं, आणि जे सगळ्यांच्या हाताला वळण लागलेलं, तेच त्याच्या जिवावर उठणारं होतं.

आणि झालंच तसं. एका दुपारी माझी जोडीदारीण आजारी म्हणून दुसऱ्या वॉर्डातली एक सिस्टर बदली आली. तोफ आंघोळीला गेली होती, बाळ पेटीत. मी दुसऱ्या टोकाला एका नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा श्वास सुरू करण्यात गुंतलेली. पेटीवर मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवलेली होती, पण घाईत कोण वाचतं? बाळ पालथं दिसलं. पोरीने चांगल्या मनाने त्याला उताणं केलं, दुपट्यात छान घट्ट गुंडाळलं आणि पुढच्या बाळाकडे वळली.

ओल्या केसांनी तोफ आत आली आणि माझ्या कानावर फक्त माझं नाव आलं, हळूच. वळून पाहिलं तर तिने दुपटं सोडून बाळ हातावर पालथं घेतलंही होतं. बाळ राखेच्या रंगाचं झालं होतं, हातपाय लोंबत होते. माझ्या हातातली मुलगी तोवर रडायला लागली होती. तिला शेजारी उभ्या डॉक्टरबाईंच्या हाती देऊन मी धावले. हवेचा फुगा तोंडावर धरून दाबत राहिले, तोफेने पुढे ओढून धरलेली त्याची हनुवटी सोडली नाही.  बऱ्याच वेळाने त्याने एक उचकी दिली. मग दुसरी. मग ते रडलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या सिस्टरला मी सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. आता तोफ धडाडणार, म्हणून ती पोर भिंतीला चिकटून उभी होती.  तोफ मात्र कुजबुजली, “तू रोजचंच केलंस गं. ये, इथे बस. याला कसं धरायचं ते दाखवते.” आणि खरंच तिच्या हातावर बाळ पालथं दिलं. 

बातमी दुसऱ्या वॉर्डात गेली. बाळाची आई पोटावर हात धरून, भिंतीचा आधार घेत दारात येऊन उभी राहिली. नणंदेच्या छातीवर आपलं बाळ, आणि नणंदेचे डोळे रडून सुजलेले.  भावजय म्हणाली, “ताई, मला पण शिकवा.”

“आधी बस. टाके ओढतील,” तोफ म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींनी पाळ्या लावल्या. एक झोपली की दुसरी जागी. आजीसुद्धा एक दिवस पदराने हात पुसत आली आणि म्हणाली, “द्या, मीही धरते. पालथं तर पालथं.” वजनकाट्यावर बाळ रोज ठेवायचो, तेव्हा तिघी श्वास रोखून उभ्या. आधी वजन घसरलं, मग अडलं, मग एका सकाळी काटा हलला. मूठभर साखरेएवढंच वाढलं असेल, पण डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली आणि मी त्यांना आवाजावरून दटावलं.

नळीसकट बाळ घरी गेलं. पुढचे काही महिने तिघींनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. तोफेने डेपोत भांडून सकाळची पाळी मिळवली, आणि दुपारनंतर बाळ तिच्याकडे. तपासणीला यायचे तेव्हा बाळाचे गाल भरलेले, नळी गेलेली, लांब बोंडल्याच्या बाटलीने दूध पिणारं. आणि डोक्यामागे दाट केस. उताण्या झोपणाऱ्या बाळांचे तिथले केस घासून जातात, याचे जायला ते कधी पाठीवर टेकलंच नव्हतं.

मग ती तपासणी आली, आजीसकट तिघीही आत. डॉक्टरबाईंनी हनुवटी पाहिली, तोंडात पाहिलं, पुन्हा पाहिलं. बाळाच्या पायाला प्राणवायूचा आकडा दाखवणारं यंत्र लावलं आणि म्हणाल्या, “उताणं करून बघू.”

तोफेने त्यांचं मनगट धरलं. आमच्या डॉक्टरबाईंचं मनगट धरायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही. तिला कळलं, तिने सोडलं, पण बाळावरचा हात काढेना. “मला नाही बघवणार,” ती म्हणाली.

“मग तुम्हीच करा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या हाताने. काही वाटलं तर तुम्हीच परत वळवा.”

तिने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने मान हलवली. एका घंटीसरशी अख्खी बस हलवणारी ही बाई, पण बाळाची कूस बदलायला तिला किती वेळ लागला. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. बाळ टेबलावर पाठ टेकून पडलं. सगळ्यांचे डोळे आकड्यावर. मी तर त्याच्या ओठांकडेच बघत होते, यंत्रावर माझा विश्वास नाही.

ओठ गुलाबीच राहिले. आकडा हलला नाही. बाळाने हातपाय पसरले, छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि खुदकन हसलं. बाकीची बाळं पालथी पडली की घरात कौतुक होतं. आमचं हे उताणं पडलं, आणि आम्ही पाच बायका लहान पोरांसारख्या रडत होतो. भाऊ बाहेरच्या बाकावर होता, तो आवाज ऐकून घाबरून आत धावला. भावजय त्याला नुसती म्हणाली, “बघा.”

खेळता खेळता बाळाचे डोळे मिटले. पाठीवर, दोन्ही मुठी डोक्याशी घेऊन, खुशाल घोरल्यासारखा आवाज करत ते झोपलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता उचला, घरी जा.”

 तोफ टेबलाशेजारच्या खुर्चीत मान टाकून झोपली होती. बाळ समोर असताना तिचा डोळा लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बाहेर रांगेतले लोक कुरकुरत होते, एकाने तर दार ठोठावलं. मी बाहेर जाऊन सांगितलं की थोडं थांबावं लागेल, आणि दार ओढून घेतलं.