दीड सेकंदाचा सेकंद

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या घरातला एक सेकंद दीड सेकंदाचा आहे. ही बाब मी स्वतः, वाशिमच्या माझ्या गच्चीवर, मे महिन्याच्या भर दुपारी, डोक्याला ओला पंचा गुंडाळून सिद्ध केलेली आहे. साक्षीला बायको होती. तिनं साक्ष देण्याऐवजी कुरड्या वाळत घातल्या आणि खाली निघून गेली.

विषय माझ्या लाकडी कॅमेऱ्याचा. पुढं भिंग, मागं काच, मधे भात्यासारखी काळी घडी, आणि एका वेळी तळहाताएवढ्या फिल्मचा एकच तुकडा. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मी तो उचलून आणला. भिंगाच्या आत शटर असतं, म्हणजे पोलादी पापणी. कळ दाबली की ती उघडते, आतली चिमुकली चाकं फिरतात, ठरलेला वेळ झाला की मिटते. माझी पापणी माझ्याहून वयानं मोठी. तिच्या चकतीवर ‘एक सेकंद’ असं कोरलेलं आहे, पण ‘हा आलोच’ म्हणणाऱ्या पाहुण्यावर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढाच त्याच्यावर.

म्हणून परीक्षा. मोबाइल शटरला लावून ठेवायचा आणि आवाज टिपायचा. पापणी उघडताना एक खट, मिटताना दुसरा. पडद्यावर दोन टोकं उभी राहतात, त्यांच्यातलं अंतर म्हणजे खरा वेळ. दहादा कळ दाबली, दहाही वेळा दीड सेकंद. मला कोण आनंद झाला. जुनं शटर खोटं बोलतं याचं दुःख नसतं. रोज एकच खोटं बोललं तर त्याच्याशी संसार करता येतो. मी तक्ता लिहिला, भिंगाच्या फळीवर चिकटवला आणि त्या दिवसापासून तपासणं सोडून दिलं.

आमच्या घरची मेथी आणि वांगी कित्येक वर्षं केनवडच्या एका मावशीच्या मळ्यातून येतात. जानेवारीत तिचा निरोप आला. तिची थोरली बहीण मानोऱ्याची. थोरलीचा मुलगा तिला कायमचं पुण्याला नेणार होता, आणि निघण्याआधी ती दोन दिवस धाकटीकडे राहायला आली होती. दोघींचे एकत्र फोटो होते, पण ते नातवाच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल विहिरीत. मावशीला आता पोटात बॅटरी नसलेला फोटो हवा होता, भिंतीवर लावायचा. बहीण अकराच्या गाडीनं जाणार. माझ्याकडे फिल्मचे दोनच तुकडे शिल्लक. पण तक्ता होता, त्यामुळे मी छाती काढून गेलो.

सकाळी मळ्यात हात काकडत होते. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करेपर्यंत मावशीनं बाजाराची तयारी चालवली होती. वांगी मोजण्याआधी तिनं तराजू रिकामा उचलून धरला, काटा पाहिला, मग पारडी अदलाबदल करून पुन्हा पाहिला. हे रोजचं का, असं मी विचारलं. रोजचं, म्हणाली. मी कौतुकानं मान डोलावली. आता आठवलं की त्या डोलणाऱ्या मानेला एक टपली मारावीशी वाटते.

दोघींना निंबाच्या सावलीत बसवलं. थोरलीची मान वयानं सतत थरथरायची. मावशीला तीच काळजी. “बाईकडे ध्यान ठेवजा, ते हालन,” तिनं मला बजावलं. थोरलीनं काठी पुढं रोवली आणि तिच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मान थांबली.

मी कळ दाबली. खट. दुसरा खट येईना. दीड सेकंद गेला, आणखी गेला, थोरलीनं “झालं काय?” म्हणून विचारलं, मी “हालू नका” म्हणालो, मावशीनं आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि मग सावकाश, जांभई आवरल्यासारखी, पापणी मिटली. एक तुकडा वाया.

गच्चीवरच्या उन्हात आतलं जुनं वंगण पातळ झालं होतं. थंडीत ते घट्ट बसलं होतं. हे मी मावशीला समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून. तिनं शांतपणे विचारलं, “हे आज सकाळी तपासलं व्हतं?” नाही, मेमध्ये. “मे महिन्यातलं माप तुमी थंडीत वापरून राह्यले?” थोरली काठीवरून खुदकन हसली.

शटर उन्हात धरून पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. कधी दोन सेकंद, कधी अडीच, कधी त्याच्या मनाला येईल तेवढं. आता ते रोज नवं खोटं बोलत होतं. शेवटी मी पापणी उघडीच अडकवली आणि भिंगावरचं झाकण हातानं काढून हातानंच लावायचं ठरवलं. प्रश्न मोजण्याचा होता. घाबरलेल्या माणसाचा सेकंद कुठल्याही शटरपेक्षा वाईट.

तेवढ्यात मावशी मेथीच्या जुड्या टोपलीत टाकू लागली. लाभ, दोन, तीन, चार. आमच्याकडे माप मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तिच्या तालात एक ठाम सारखेपणा होता. मी हळूच मोबाइल पुढं केला आणि मावशीची परीक्षा घेतली. एका जुडीपासून दुसरीपर्यंत पाऊण सेकंद, पहिल्या जुडीपासून शेवटच्या जुडीपर्यंत. इतकं प्रामाणिक यंत्र मी तरी पाहिलं नव्हतं.

असं ठरलं की तिनं लाभ, दोन, तीन मोठ्यानं म्हणायचं आणि ओठ मिटायचे. तोच ताल मी मनात पुढं चालवायचा. चारला झाकण काढायचं, सहाला लावायचं, म्हणजे बरोबर दीड सेकंद. बसताना तिनं पुन्हा बहिणीला दरडावलं, हालजो नको. थोरलीनं हनुवटी टेकवली. लाभ. दोन. तीन. मी झाकण काढलं. मळ्यात पाणी वाहत होतं तेवढाच आवाज. मी झाकण लावलं. थोरली अकराच्या गाडीनं गेली.

न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून मी फिल्म धुतली. दोन प्रती काढल्या. एक पुण्याला टपालानं पाठवली, दुसरी घेऊन केनवडच्या बाजारात गेलो. खरं तर मला जावंसं वाटत नव्हतं. थोरली दगडात कोरल्यासारखी स्पष्ट आली होती, काठीच्या मुठीवरच्या शिरांसकट. मावशीचा चेहरा मात्र पुसट होता. त्या दीड सेकंदात तो समोरून वळून बहिणीकडे गेला होता, आणि जाताना वाटेत थोडा थोडा उमटला होता.

मावशीनं लुगड्याला हात पुसले. फोटो दोन्ही हातांनी धरला. गिऱ्हाईक वांग्यांचा भाव विचारत होतं, तिचं लक्ष नव्हतं. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“अवं माय, मीच हालली काय.”