रोमच्या अखाड्याबाहेर काढलेले बूट

रोमच्या सहलीचे पैसे भरले त्याच दिवशी आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर जाहीर केलं, "जगातल्या सगळ्यात नामी अखाड्याची माती कपाळाला लावूनच येनार!" दाजी वेल्ह्याजवळच्या पालीचे. तरुणपणी एकही जत्रा कुस्तीवाचून सोडली नाही. आता परतल्यावर अख्खं स्टँड त्यांचं कपाळ तपासणार होतं.

कलोसियम दिसलं आणि मी भर रस्त्यात "आई शप्पथ!" ओरडलो. कमानींवर कमानी, मान दुखेपर्यंत! आमची गाईड पुण्याचीच. "इथे माणसं सिंहांशी लढायची," ती म्हणाली आणि आम्हाला लढाईच्या जागेकडे घेऊन निघाली. दारातून आत शिरलो, मागे पाहतो तर दाजी अनवाणी.

"दाजी, बूट चावला का?"

"अखाड्यात पायताण घालून जात्यात व्हय, मेव्हणं? भाईर भिंतीला काढून ठिवलं."

मला हे इतकं आवडलं की मीही धावत जाऊन काढून आलो. दाजी ऐटीत आत गेले, वाकले, हात टेकला आणि तसेच थांबले.

"ही तर फळी हाय!"

जुनी जमीन केव्हाच गेली, हा नंतर बसवलेला लाकडी तुकडा, असं गाईडने सांगितलं. दाजींचं तोंड एवढंसं झालं. "आता स्टँडवर काय सांगू?"

"आता रथांच्या शर्यतीच्या मैदानावर जायचंय. तिथे माती आहे," गाईड म्हणाली.

दाजी उजळले. पण आम्ही बाहेर पडलो ते भलत्याच दारातून. बूट पार पलीकडे! गाईडने घड्याळ दाखवलं. बूट किंवा मैदान, एकच काहीतरी.

दाजींचे बूट कोरे होते, लेकीने सहलीसाठी घेतलेले.

"ऱ्हाऊ द्या बुटं. चला!"

मग काय! तापलेल्या फरशीवर आम्ही दोघं टुणटुण उड्या मारत निघालो. लोक फोटो काढत होते, मी पुढाऱ्यासारखा हात हलवत होतो. मैदान आलं. लांबच लांब गवत आणि मधे उघडी माती.

"आरं, ह्यो तर आपला बैलगाड्याच्या शर्यतीचा घाट!"

दाजींनी चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की कबुतरं उडाली.

"काढा फोटू. आन् पाय बी येऊ द्या. उद्या कुनी म्हनाया नगं, बूट घालून माती लावली."