पुलाखाली उभे राहणारे कणसेसाहेब

आदरणीय वसंतराव कणसे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोरे. मेढ्याच्या पुढे एका ओढ्यावर पुलाचे काम चालू होते. नेमणुकीचा आदेश घेऊन मी विट्याहून तिथे पोहोचले. सोबत वडील होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पण मुलगी डोंगरातल्या कामावर एकटी राहणार म्हणून एस.टी.त बसल्यापासून गप्प होते. साहेब सेंट्रिंगखाली, म्हणजे ओले काँक्रीट पेलणाऱ्या फळ्यांखाली, वाकून एकेक टेकू हाताने हलवून बघत होते. बाहेर आले, हात झटकले आणि माझ्या कागदाकडे न बघता माझ्या पायांकडे बघितले.

"चपला घालून आलात? इथं खिळे हायती, सळ्या हायती. आज काम न्हाई. आधी मेढ्यात जाऊन बूट घ्या."

वडिलांचा चेहरा तेव्हा कुठे सैलावला. परत जाताना ते एवढेच म्हणाले, "आमच्या पल्टणीतबी पयले बूटच बघायचे. ऱ्हा आता निवांत."

साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर जण त्यांनी बांधलेल्या रस्त्यांविषयी, बंधाऱ्यांविषयी लिहितील. मी त्यांच्या हाताखाली फक्त त्या एका पुलावर होते, आणि तोही साहेबांना अर्धवट सोडावा लागला. तरी स्थापत्य अभियंता म्हणून मला जे काही कळते, त्यातले बहुतेक त्या ओढ्याच्या काठावर मिळालेले आहे.

बूट घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर आले तर माझ्यासाठी टेबल नव्हते, खुर्ची नव्हती. साहेबांनी गवंडी मात्र दुसऱ्याच कामाला लावले होते. पलीकडच्या उंचवट्यावर बायकांसाठी शौचालय बांधले जात होते, पक्क्या दाराचे, आतून कडी लागणारे. कामावरच्या पाट्या वाहणाऱ्या बायका तोपर्यंत उजाडायच्या आत लांब झाडीत जात. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या हौसाबाई मला म्हणाल्या, "बाई, तुमी आला आन् आमचं भलं झालं." मी ते साहेबांना सांगितले. त्यांना ते ऐकून बरे वाटले नाही. "म्हणजे तुम्ही येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले आणि तिथून निघून गेले.

साहेबांचे शिकवणे असे वर्गासारखे नसायचे. नकाशा उघडायच्या आधी ते मला काठाने चालत न्यायचे. पाणी कुठून येते, गुरे कुठून उतरतात, पावसाळ्यात वाळू कुठे साठते, हे गावातल्या माणसांना विचारायला लावायचे. सळी बांधून झाली की तिच्याखाली ठेवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर त्यांची नजर जायची. एखादा ठोकळा निसटून सळी फळीला टेकली, म्हणजे खालून काँक्रीटने झाकली जाणार नसली, तर म्हणायचे, "हिला उघडी ठेवलीत तर गंजून मरेल." मिश्रणात पाणी वाढवले की काम सोपे होते आणि काँक्रीट कमजोर होते, हे पुस्तकात मीही वाचले होते. पण पाटी उतरताना होणाऱ्या आवाजावरून पाणी जास्त झाले हे ओळखायला त्यांनी मला शिकवले. पाटी रिकामी होताना 'थप्प' वाजायला हवी. 'चळ्ळ' वाजली की साहेब मिक्सरकडे चालू लागत. आजही माझे कान आधी तो आवाज शोधतात.

काँक्रीट घातल्यावर त्याला पाणी मारत राहण्याच्या बाबतीत तर ते कुणाचे ऐकत नसत. जवळच्या गावाची जत्रा होती, सगळे कामगार जत्रेला गेले. नुकत्याच झालेल्या खांबाला गोणपाट गुंडाळले होते आणि ऊन रणरणत होते. मी खोलीवरून आले तर साहेब शर्टाच्या बाह्या दुमडून पाइप धरून उभे, आणि सावलीत दगडावर काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, जेवणाचा डबा घेऊन बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "बघ गं, घरच्या जास्वंदीला कधी तांब्याभर पाणी घातलं न्हाई. ती वाळली. आन् ह्यो खांब बघ, कसा टवटवीत हाय!" साहेब हसले, पण पाइप सोडला नाही. त्या दिवशी आम्ही तिघे तिथेच जेवलो.

शेवटच्या गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, स्लॅब घालायचा दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी साहेबांनी आणि मी मिळून सगळे टेकू तपासले होते. ओढा कोरडा, जमीन घट्ट होती. दुपारपर्यंत निम्मा स्लॅब झाला. जेवण आटोपून साहेब सवयीप्रमाणे पुन्हा खाली उतरले, त्यांच्यामागे मी. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावाने मधल्या वेळेत पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या होत्या. पाणी काही फार आले नव्हते, घोटा बुडेल एवढेच, पण काठाकडच्या टेकूंखालची माती त्याने मऊ केली होती. टेकूखालची लाकडी पाचर साहेबांनी दोन बोटांत धरली आणि घट्ट असायला हवी ती सहज फिरली. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढले.

"काम बंद! सगळी माणसं खाली घ्या!"

ठेकेदार धावत आले. "साहेब, निम्मा स्लॅब झालाय. आता थांबलो तर समदं वाया जाईल. काठाकडनं टेकू जादा देतो की."

"टेकू द्यायला आत कोण जाणार? तुमी का मी?" साहेबांचा आवाज चढला नव्हता. "स्लॅब परत घालता येतो. माणसं खाली घ्या."

उतरायच्या फळीजवळ ते स्वतः उभे राहिले आणि एकेकाला नावाने हाक मारून उतरवू लागले. सगळ्यांत शेवटी हौसाबाई होत्या. निम्म्या वाटेवर त्या थबकल्या. "आवं, माजी पाटी ऱ्हायली वर!"

"ऱ्हाऊ द्या पाटी. हौसाबाई, माझ्याकडं बघा आन् खाली या."

त्या आल्या. आम्ही सगळे काठावर चढलो असू नसू, लाकूड करकरले आणि तो गाळा एका बाजूने कलंडत खाली बसला. ओल्या काँक्रीटचा लगदा ओढ्यात पसरला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. हौसाबाई मातीत बसून मोठ्याने रडू लागल्या. साहेब त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि त्यांचे रडणे थांबेपर्यंत उठले नाहीत.

पुढे चौकशी झाली. वरिष्ठांपैकी एकांनी साहेबांना मार्ग सुचवला, माझ्यासमोरच. सकाळी टेकू तपासताना या बाई होत्या, नवख्या आहेत, त्यांच्याकडून राहून गेले असे म्हणता येईल. साहेब म्हणाले, "सकाळी टेकू नीट होते, आणि यांनी ते नीट तपासले होते. बंधाऱ्याचं पाणी कधी सोडणार हे गावाला विचारून ठेवायचं काम माझं. ते राहिलं." त्यांची बदली जतला झाली. बढती लांबली, ती निवृत्तीपर्यंत आलीच नाही. निघायच्या दिवशी मला रडू आवरेना. ते म्हणाले, "मोहितेबाई, रडायला वेळ कुठाय? गाळा परत उभा करायचाय. वरच्या गावात जाऊन सरपंचांना भेटून या आधी."

मी गेले. गाळा पुन्हा उभा राहिला, पूल पूर्ण झाला. रस्ता खुला झाला त्या सकाळी मी साहेबांना जतला फोन लावला. ते कुठल्याशा माळावर होते, वाऱ्याचा आवाज येत होता. तेवढ्यात मेढ्याकडून पहिली एस.टी. आली. मी फोन पुलावरच्या सांध्याकडे धरला. चाके दोन गाळ्यांमधल्या त्या सांध्यावरून गेली, गाडी पलीकडे गेली. फोन कानाला लावला. साहेब म्हणाले, "यष्टीच हाय न्हवं ती?"

"व्हय साहेब. भरून आलीय."

"सांधा चांगला बसलाय. आवाज सांगतोय." आणि त्यांनी फोन ठेवला.

तो पूर्ण झालेला पूल साहेबांनी अजून पाहिलेला नाही. आता ते सांगलीत मुलाकडे असतात. गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. गॅलरीतून समोरच्या इमारतीचे काम बघत बसतात, असे काकू सांगतात. मी कितीदा म्हटले, साहेब, गाडी घेऊन येते, मेढ्याला जाऊन येऊ. दर वेळी टाळतात. गेल्या दिवाळीला फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "तिथं गेलो की परत कामावर यावंसं वाटेल हो. मग घरी आल्यावर काय करू?"

खरे सांगायचे तर, त्यांच्याबरोबर पुन्हा कामावर उभे राहण्याची ओढ त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आहे. आता मला सगळे मॅडम म्हणतात. हाताखालची मुले हुशार आहेत, मोबाइलवर फोटो पाठवतात, मोजमापे पाठवतात, प्रश्न विचारला की उत्तर तयार असते. तरी स्लॅबच्या दिवशी खाली उतरले की मी क्षणभर थांबते. शेजारी कुणीतरी खाकरेल, "बाई, तिकडचं बघितलं का?" असे विचारेल, असे वाटते. कुणी विचारत नाही. मग मीच तिकडचे बघून येते. माझ्याहून जास्त जाणणारे कुणी शेजारी असण्यात केवढा निवांतपणा होता, हे तो हरवल्यावर कळले.

साहेब, सध्या कवठे महांकाळच्या पुढे माळावरून पाणी नेणाऱ्या कालव्याचे काम माझ्याकडे आहे. उंच खांबांवरून पाणी जायचे आहे. धनगरवाड्यातली म्हातारी माणसे रोज येऊन बसतात आणि पाणी कधी येणार ते विचारतात. पाया खणून झाला आहे. खाली मुरूम लागला आहे, पण एका कोपऱ्यात मला शंका वाटते. गाडी थेट खड्ड्याच्या काठापर्यंत येते, एकही पायरी नाही. काकूंनाही आणा. घरी परतल्यावर कामाची आठवण छळेल म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायला येईन.

आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हे मागणे मी निव्वळ आपल्यासाठी करत नाही, साहेब. आम्हाला अजून पुष्कळ विचारायचे आहे.