मावशीच्या दिरांची हुगळी

मला कलकत्त्यात उभं केलं ते माझ्या मावशीच्या चुलत दिरांनी, हे आधीच सांगून टाकतो. पुढं हसण्याच्या नादात राहून जाईल. हुगळी नदीला भरती आपण आणतो असा त्यांचा समज होता, आणि त्यांच्याजवळ दोन दिवस राहिलेल्या माणसाचाही तोच समज व्हायचा.

मूळचे संकेश्वरचे. चाळीस वर्षं गोदीच्या दरवाज्यावर काढली आणि निवृत्त झाल्यावरही गोदीजवळची खोली सोडली नाही. भरतीला बोट नदीतून आत घ्यायची आणि दरवाजा मिटायचा, म्हणजे ओहोटीत नदी उतरली तरी आत कोंडलेल्या पाण्यावर बोट तरंगत राहते. काम एवढंच. पण आप्पांनी (बंगालीसुद्धा त्यांना आप्पाच म्हणत) ते एवढंच कधी सांगितलं नाही. समुद्र सोडून इतक्या आत, गाळाच्या नदीत बंदर घालायचं साहेबाच्या डोक्यात आलंच कसं, इथपासून सुरुवात. मग गोदी खणणारे मजूर, चहाच्या पेट्या, तागाचे गठ्ठे, रंगूनच्या आगबोटी, आणि करारावर अंगठा उठवून दूरच्या बेटांवर ऊस तोडायला गेलेली माणसं. इथं मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "आपल्यात ऊसतोडीला गेलेला माणूस सुगी संपल्यावर का हुईना, घरला येतोय रं," म्हणायचे आणि पुढच्या धक्क्याकडं वळायचे.

मी दोन दिवसांचा प्रवास करून हावड्याला उतरलो, तेव्हा त्यांनी मला खोलीवर नेलंच नाही. डोक्यावर ट्रंक, पोटात काही नाही, आणि समोर गोदीचा इतिहास. भूक लागलीय म्हटल्यावर त्यांनी मला भरतीची वाट बघत दिवसभर नदीत उभ्या राहणाऱ्या बोटी दाखवल्या. त्यांचं सगळं भरतीवर चालायचं. डॉक्टरनं जेवणानंतर घ्यायला दिलेली गोळी ते पाणी चढायला लागलं की घेत. लग्नपत्रिका आली की मुहूर्त भरतीत पडतो का बघत. ओहोटीत पडला तर आहेर पाठवत, स्वतः जात नसत.

त्यांच्याच शब्दावर मला एका ठेकेदाराकडं काम मिळालं. बोटीवरून फेकलेला दोर पकडायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला अडकवायचा. मी गुंजी गावचा, आठवीत शाळा सोडलेला. हिंदी मोडकी, बंगाली शून्य, आणि हाताला कायमचा घाम. तिसऱ्याच आठवड्यात दोर सुटला आणि बोट धक्क्याला घासली. कुणाला लागलं नाही, पण मुकादमानं मला गाव गाठायला सांगितलं. गावी आई होती, आणि मला काम लागलं म्हणून तिनं गल्लीभर साखर वाटली होती. मी ट्रंक भरून बसलो.

आप्पा मुकादमाकडं गेले. विनवणी वगैरे काही नाही. या गोदीत आजवर कुणाकुणाच्या हातून दोर सुटले, ते त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. दोन तासांनी मुकादमानं हात जोडले. पोराला ठेवतो, पण तुम्ही उठा, म्हणाला. आप्पा तरी उठेनात. महिनाभर मी याच्या पाठीमागं उभा राहणार, हे कबूल करून घेतल्यावरच उठले. आणि सत्तरीचा तो माणूस खरंच राहिला. दर बोटीला माझ्या खांद्यावर हात. मला भीती वाटते, हे मी त्यांना एकदा कसंबसं सांगितलं.

"भ्यालेला माणूस बोटीकडं नीट बघतोय," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं भीतच काढली की रं."

पुढं त्यांची नजर गेली आणि मुलगा त्यांना संकेश्वरला घेऊन गेला. तिथंही पहिल्या हंगामात त्यांचं बरं चाललं. साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची, आणि ड्रायव्हर रांग सोडून पळू शकत नसत. नातवाचा हात धरून आप्पा एकेका ट्रॅक्टरपाशी जायचे आणि गोदी सांगायचे. एकानं म्हणे कंटाळून रंगूनची बोट कधी सुटते ते विचारलं. आप्पांनी तेही सांगितलं. मग हंगाम संपला, रांग गेली.

तेव्हापासून त्यांचा रोज फोन येतो. आज कुठली बोट आली? मोठ्या बोटी आता खाली, समुद्राजवळच्या बंदरातच थांबतात, आमच्याकडं कित्येक दिवस एकही येत नाही. ते मला सांगवेना. मी बोटी रचू लागलो. नावं द्यायचो, माल भरायचो. परवा त्यांनी विचारलं, मालाच्या वजनानं बोट पाण्यात किती फूट बसली होती? ते मला रचता आलं नाही.

"आज बोट न्हाय न्हवं?"

"न्हाय, आप्पा. लई दिवस न्हाय."

मग म्हणाले, "हितं बी कोण न्हाय. पाणी तरी आलंय का?"

"आलंय."

"मग सांग, कुठवर आलंय."

मी फोन कानाला लावूनच घाटावर गेलो आणि पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या एकेक करून त्यांना मोजून सांगितल्या.

त्यांचं माझ्यावर जे आहे, ते मी एक दिवस फेडणार आहे. रजा मिळाली की संकेश्वरला जाईन, त्यांच्या खाटेपाशी बसेन आणि म्हणेन, आप्पा, पहिल्या कुदळीपासून सांगा. मला सगळं पाठ आहे, हे काही सांगणार नाही.