मिसरी काय तंबाखू असती व्हय?

वडगावातल्या सासरी माझा मान माझ्या स्वयंपाकामुळं नव्हता, दिसण्यामुळं तर नव्हताच. तो होता माझ्या आईच्या मिसरीमुळं. माझं माहेर निपाणीजवळचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. आई परसात तव्यावर तंबाखू भाजायला बसली की गल्लीभर ठसका उठायचा. काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि मी निघाले की डबा भरून पिशवीत घालायची. इकडं दारात रिक्षा थांबली की माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, आधी पिशवीकडं बघायच्या. "दिलीया न्हवं आईनं?" मी बरी आहे का, प्रवास कसा झाला, हे सगळं नंतर.

सकाळी उठल्या उठल्या आत्या उंबऱ्यावर बसून मिसरीनं दात घासायच्या. घासायच्या कसल्या, तोंडात धरून बसायच्या. तेवढा वेळ घरचा कारभार हुंकारांवर चालायचा. एकदा 'हूं' म्हणजे चहा टाक, दोनदा म्हणजे दूधवाला आलाय. पुढच्या खोलीत यंत्रमाग खडखडायला लागला की त्या चूळ भरायच्या आणि साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकायच्या.

मग त्यांना माझी चटणी झोंबायला लागली. "तुझ्या हाताला लई तिखट आलंय गं!" रोज तेच. मी तिखट निम्म्यावर आणलं, तरी झोंबायची. मग आमटी झोंबली, आणि एक दिवस चहासुद्धा. आता चहात मी मिरच्या वाटून घालते काय? तणतणतच मी मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हटलं, आ करा बघू. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. माझा राग जागच्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी बेळगावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कानडी हेल काढून मराठी बोलायच्या. "आजी, तंबाखू खाता?"

"शिव शिव! आमच्यात बायका असलं कायबी खात न्हाईत."

"गुटखा? पान?"

"अवो, मी देवाधर्माची बाई हाय!"

"मग दात कशानं घासता?"

"मिसरीनं. माझ्या विहिणीच्या हातची हाय," आत्या मान ताठ करून म्हणाल्या. "मिसरी काय तंबाखू असती व्हय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. भाजली, कुटली, गाळली तरी ती तंबाखूच, त्या म्हणाल्या. हा चट्टा आज कॅन्सर नाही, पण मिसरी सुटली नाही तर उद्या होऊ शकतो. सुटली तर बऱ्याचदा आपोआप विरतो. दोन-तीन महिन्यांनी परत दाखवा. आणि मिसरी लावणारं आणखी कुणी असेल, तर त्यांनाही घेऊन या.

माझ्या डोळ्यांपुढं आईच उभी राहिली. आत्यांनी मिसरी धरली ती लग्नानंतर, आईनं परकर नेसायच्या वयात. घरी येऊन फोन लावला, तर म्हणते कशी, "मला काय धाड भरलीया? आणि तोंड उघडलं न् कायतरी सापडलं, मग? न्हाय बाई. मी न्हाय येत."

इकडं आत्यांचे हाल बघवेनात. मिसरीशिवाय पोट साफ होईना, डोकं ठणकायचं, मागाचा धागा तुटला तरी बोलणी मला. मी कोमट पाणी दिलं, ओवा दिला, बडीशेप दिली. शेवटी त्यांनी बडीशेपेची वाटी ढकलून दिली. "तुझी आई तिकडं मजेत मिसरी लावणार आणि मी हितं शेळीगत चघळत बसू? लाव फोन!"

त्यांनी आईला सरळ सांगितलं, "विहीणबाई, तुम्ही सोडत असला तरच मी सोडते." विहिणीचा शब्द मोडायचा कसा? आई अडकली. दवाखान्याचं नाव मात्र काढू देईना.

तेव्हापासून रोज सकाळी व्हिडिओ कॉल. दोघी एकमेकींना दात दाखवायच्या. "जरा उजेडाकडं फिरा. हां. ते डावीकडचं काय काळं?" एकदा आईचे दात चांगलेच काळे दिसले. "जांभळं खाल्ली," आई म्हणाली. "ऐन थंडीत? कुठल्या झाडाची वो?" आत्यांनी विचारलं. आईनं फोनच बंद केला. पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आधी आला, आणि दात घासूनपुसून लख्ख. आमचे हे माग थांबवून बघत राहायचे. "ह्या दोघी काय करायल्यात गं?" म्हणायचे. मी हसून हसून बेजार.

परत दाखवायची वेळ आली तेव्हा आत्यांनी शक्कल लढवली. "विहीणबाई, मला एकटीला भ्या वाटतंय. सोबतीला या की." आई सकाळच्या बसनं आली. डॉक्टरीणबाईंनी आत्यांचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, चट्टा जवळजवळ गेलाय. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. आत्या उठल्या, आईच्या खांद्याला धरून त्यांनी तिला त्याच खुर्चीत बसवलं. "आता हिला बघा."

आईनं पदर तोंडावर घट्ट धरला. माझी आई, जी आयुष्यात कुणाला भ्यायली नाही, ती दाराकडं बघत होती. आत्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "मलाबी भ्या वाटलंतं," एवढंच म्हणाल्या आणि तान्ह्या लेकराला भरवताना आपण करतो तसा त्यांनी स्वतःच मोठा आ केला. आईचा पदर हळूच खाली आला. तिनंही आ केला. बघते तर माझंही तोंड उघडंच.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गाल बघितले, जिभेखाली बघितलं, हिरड्या बघितल्या. किती वेळ बघत होत्या! मग बॅटरी बंद करून म्हणाल्या, "काही नाही, आजी. तोंड स्वच्छ आहे. मिसरीला परत हात लावू नका, आणि अधूनमधून दाखवत चला."

आईनं डोळे पुसले आणि वर बघितलं. आत्या अजून तशाच आ करून उभ्या, आणि गालांवरून पाणी वाहतंय.

"विहीणबाई," आई म्हणाली, "मिटा की आता तोंड. वाचलो आपण दोघी."