बदकाची जागा

माझा मामा साइनबोर्ड रंगवायचा. किराणा, लाँड्री, दाताचा डॉक्टर, सायकलचं दुकान, अर्ध्या बाजाराची नावं त्याच्या हातची. स्वतःचं नाव मात्र त्याने आपल्या दारावरसुद्धा लिहिलं नव्हतं. "पोस्टमनला माहीत आहे की," म्हणायचा.

मास्तर त्याचे तीस वर्षांचे मित्र. शाळेत इतिहास शिकवायचे. ते मामाला अरे-तुरे करत, मामा त्यांना अहो-जाहो. मुलांसाठी प्राचीन इजिप्तवर सचित्र पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आलं. मजकूर त्यांचा, चित्रं मामाची, मुखपृष्ठावर नावं दोघांची. मामाला दुसरं काही नकोच होतं.

चार वर्षं दर रविवारी मास्तर आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसत. इजिप्तचे चित्रकार आधी भिंतीवर चौकोन आखत आणि उभा माणूस अठरा चौकोनांत बसवत, हे त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मामा खुर्चीतून उठलाच. "अहो, बोर्डावर मी हेच करतो की! खडूचा दोरा ताणून!" मग पाव भाजणारे, होडी वल्हवणारे, ममी गुंडाळणारे, लव्हाळ्यातली बदकं, सगळं त्याने तसंच आखून रंगवलं. लेखनिकाला मास्तरांचा चेहरा दिला, टकलासकट.

मुखपृष्ठावरची अक्षरंही त्याचीच. "पेंटर, माझं नाव वर रंगवून घे," मास्तर म्हणाले. "तुझ्यासाठी खाली जागा ठेव. 'चित्रे' लिहायचं की 'चित्रकार', ते प्रकाशकाला विचारून सांगतो." पुढचे आठ दिवस मामा रद्दीवर स्वतःच्या नावाचा सराव करत होता. दुनियेची नावं लिहिलेला हात आपल्या नावापाशी अडखळायचा. मी खूप हसले तेव्हा.

मास्तरांचा निरोप काही आला नाही. एकदम छापलेलं पुस्तकच आलं. ठेवलेल्या जागेत एक बदक होतं, बाराव्या पानावरून उचललेलं. मी पुस्तक तीनदा चाळलं. मामाचं नाव आतही कुठे नव्हतं.

"प्रकाशक ऐकेना रे," मास्तर चहाचा घोट घेत म्हणाले. "एकच नाव असलं की बरं म्हणे. पुढच्या आवृत्तीत टाकू."

मामाने तेविसावं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. "'नाव खोडलं की तो माणूस पुन्हा एकदा मेला, असं ते लोक मानत.' मास्तर, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"अरे, ते हजारो वर्षांपूर्वीचं!"

"आणि बदक?" मी विचारलं. "तेही प्रकाशकानेच टाकलं?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "ते मी सुचवलं. जागा रिकामी बरी दिसत नव्हती."

केसाने गळा कापतात तो कसा, ते मी पाहिलं. वर आमच्याच कपातला चहा पिऊन. ते गेल्यावर मी पेन घेऊन त्या बदकावर मामाचं नाव लिहायला बसले. मामाने पेन काढून घेतलं. "तू लिहून काय उपयोग? ते त्यांनी लिहायचं होतं."

पुढच्या रविवारी मास्तर नेहमीच्या वेळी आले. काखेत दुसऱ्या पुस्तकाचे कागद होते, मी खिडकीतून पाहिलं. मामा लोटलेल्या दारासमोरच बसला होता, पण उठला नाही.

"पेंटर!" मास्तरांनी हाक मारली. मग आणखी मोठ्याने, "अरे पेंटर!"

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला नावाने हाक मारलेली मी कधीच ऐकली नव्हती. मामा वाट पाहत बसला. तिसऱ्यांदाही "पेंटर"च आलं, तेव्हा त्याने उठून आतून कडी लावली.