तीन ठिकाणी तपासलेली बस

आता तुमच्यापासून काय लपवायचं! हातात चहा आहे तोवर सांगून टाकतो.

मी कामरगावात मोबाईल दुरुस्त करतो. शाळा नववीतच सुटली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे सटकतो. आणि त्याच शाळेच्या सरांनी मलाच वर्गावर उभं केलं!

"पोरं मोबाईलवर काहीबाही पाह्यतात, पन कामाचं शोधता येत नाही. तू शिकव, बापू."

दिवस कोणता? मला कारंजाला मुलगी पाहायला जायचं होतं, नेमका तोच! काका सकाळीच पुढे गेले होते. जाताना बजावलं, "पांढरा शर्ट घाल. अन् जीपमंदी कोंबून येऊ नोको, बसनंच ये."

मी बसने कधी जातो? सदा जीपच. वेळ कुठे माहीत!

वर्गात पोरं समोर. काय शिकवावं सुचेना. म्हटलं, माझीच बस शोधू या.

"लंबा प्रश्न लिहायचा नाही. मुद्द्याचे शब्द टाका. कामरगाव, कारंजा, बस, वेळ. अन् एकावर भरोसा ठेवायचा नाही. तीन ठिकानी पाहा. तिन्हीकडं सारखं असन तर पक्कं समजा."

पोरांनी शोधलं. मोबाईलच्या नकाशावर चारची वेळ. गावच्या पानावर चार. कुठल्याशा बातम्यांच्या साइटवर चार.

"पाह्यलं? चारची बस पक्की!" माझी छाती फुगली.

तीन वाजत आले होते. बाहेर हॉर्न वाजला. खिडकीजवळची पायल म्हणाली, "दादा, कारंजाची बस चालली."

"थे दुसरी असन."

"पन पाटी वाचली मी!"

"पाटीवर जाऊ नोको. तीन ठिकानी तपासलं ना आपन?"

सांगा बरं! बस डोळ्यांदेखत गेली, तिची धूळ वर्गात आली, तरी मी मोबाईलकडेच बघतोय!

पायल मात्र बोटाने पान खाली सरकवत होती. "दादा, त्या दोघाईनं वेळ नकाशावरूनच घेतली. तसं लिहून ठेवलं खाली. अन् नकाशावर ज्यानं टाकली, त्याचा फोटो हाये. गॉगलवाला." तिने फोटो पाहिला. मला पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. "दादा, हे तुमीच का?"

मीच होतो! नवा मोबाईल घेतला तेव्हा हौसेने वेळ टाकली होती. पुढे बसची वेळ बदलली, मी विसरलो. म्हणजे इतका वेळ मी मलाच तीन ठिकाणी विचारत होतो?

मागून कोणीतरी विचारलं, "दादा, मंग वहीत काय लिहू? तीन का चार?"

बाहेर येऊन काकांना फोनवर सगळं सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि जीप पकडली. सोयाबीनच्या पोत्यांना टेकून कारंजाला पोहोचेपर्यंत पांढरा शर्ट मातकट झाला होता.

"काहून उशीर झाला?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नेटवर बसची वेळ चुकीची होती जी," मी जमिनीकडे बघत पुटपुटलो.

पोहे घेऊन आलेली मुलगी थबकली. "चारची ना? मीबी फसली! कामरगावले मावशीकडं गेली होती, येताना त्या थांब्यावर उन्हात उभी राहून पार वाळून गेली. कोन्या येड्यानं टाकली काय माईत! तवापासून त्यालेच शोधून राह्यली मी."

मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं.

पण काका! काकांनी शांतपणे बशी खाली ठेवली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "घे पोरी, सापडला!"